पाटी आणि पत्ता

भिलाईत पत्ता सांगायची एक ठरलेली रीत आहे. रुआबांधा सेक्टर, सडक अमुक, क्वार्टर तमुक. कोण राहतं ते पत्त्यात येत नाही, ते दारावरच्या पाटीवर. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याच्या माणसांसाठी वसलेल्या या टाउनशिपमध्ये तेव्हापासून पाट्या बदलतच आल्या आहेत. कुणी रिटायर होतं, क्वार्टर खाली करून नागपूरला घरी किंवा पुण्याला पोरांकडे जातं, आठ-पंधरा दिवसांत दारावर नवं आडनाव लागतं. पोस्टमनचं काही अडत नाही.

एम्बेडेड लिनक्सवर काम करणाऱ्याला ही रीत आपलीच वाटावी. लॅपटॉपला यूएसबी हेडफोन लावला तर तो आत शिरताक्षणी आपलं नाव-गाव सांगतो. छोट्या बोर्डावर सोल्डर केलेली आवाजाची चिप तशी बोलकी नसते. आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारा तो कोडेक आय-टू-सीच्या दोन तारांवर नुसता बसून राहतो. पत्त्यावर हाक मारली तर ओ देतो, पण मी कोण हे सांगत नाही. म्हणून ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आधीच लिहून द्यावं लागतं. या लेखी वर्णनाला डिव्हाइस ट्री म्हणतात. मूळ कल्पना सन आणि अ‍ॅपलच्या जुन्या यंत्रांवरच्या ओपन फर्मवेअरची, 1994 मध्ये तिचं मानक झालं. एआरएम प्रोसेसरांच्या जगात मात्र बराच काळ प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळी सी फाइल लिहिली जाई. तो पसारा पाहून 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स भडकले, आणि त्यानंतर सगळी मंडळी झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळली.

यात नाव ठेवायचा नियम आपल्या पत्त्यासारखाच आहे. ट्रीतल्या प्रत्येक नोंदीचं, म्हणजे नोडचं, नाव कामावरून ठेवायचं, आणि ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतर जागा लिहायची. वुल्फसनची डब्ल्यूएम8960 ही चिप घ्या. आय-टू-सीवर तिचा पत्ता सोळाच्या अंकपद्धतीत 1ए. तर नोड झाला ‘ऑडिओ-कोडेक@1ए’. नवखा माणूस हटकून ‘डब्ल्यूएम8960@1ए’ असं लिहितो, आणि तपासणारे तितक्याच हटकून ते परत पाठवतात: नाव सर्वसाधारण ठेवा. चिपचं खरं नाव ‘कम्पॅटिबल’ नावाच्या ओळीत जातं, आधी बनवणाऱ्याचं लघुनाव, मग स्वल्पविराम, मग मॉडेल: ‘डब्ल्यूएलएफ,डब्ल्यूएम8960’. ड्रायव्हर शोधताना कर्नल हीच ओळ वाचतो. ही झाली दारावरची पाटी.

इथे मात्र क्वार्टरशी साम्य संपतं, कारण ही पाटी कधी उतरत नाही. डब्ल्यूएलएफ हे एडिनबर्गच्या वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं लंडनच्या शेअर बाजारातलं चिन्ह. बाजारातलं चिन्ह वापरायची चालही ओपन फर्मवेअरच्या काळापासूनची. 2014 मध्ये सिरस लॉजिकने वुल्फसन विकत घेतली आणि बाजाराच्या यादीतून ते चिन्ह गेलं. डिव्हाइस ट्रीत ते अजून आहे. चिपा बनवणारी फ्रीस्केल 2015 च्या डिसेंबरात एनएक्सपीत विलीन झाली. त्यानंतर बाजारात आलेल्या आय.एमएक्स8 प्रोसेसरांच्या नावामागेसुद्धा ‘एफएसएल’ लागतंच. मालक गेला, पण पाटीला हात लावायची कुणाची टाप नाही, कारण जुन्या बोर्डात भरलेलं वर्णन नव्या कर्नलवरही चाललं पाहिजे हा इथला शब्द आहे. खाणीत, लिफ्टमध्ये, कुठल्या तरी स्टेशनच्या घोषणायंत्रात दहा वर्षांपूर्वी बसवलेला बोर्ड कंपन्यांचे करार वाचत नाही.

हा हट्ट मला आवडतो. त्याची किंमतही आहे. घड्याळाचे ठोके कोण देतो आणि कोण घेतो यासाठी आवाजाच्या ड्रायव्हरांत पूर्वी मालक-गुलामाच्या जोडीतले शब्द होते. 2020 मध्ये कर्नलने असे शब्द टाळायचं ठरवलं, आणि सी कोडमध्ये ‘देणारा’ आणि ‘घेणारा’ अशा अर्थाची नवी नावं आली. डिव्हाइस ट्रीत ‘बिटक्लॉक-मास्टर’ जागच्या जागी आहे. कोडमधला शब्द बदलणं हे एका दुपारचं काम असतं. जगभर बोर्डांत भरून गेलेला शब्द कसा परत बोलावणार?

हे सगळं आठवायला निमित्त झालं शेजारच्या मुलीचं. पॉलिटेक्निकला आहे. कॉलनीच्या गणेशोत्सवासाठी तिने घोषणा करायचा डबा बनवला: छोटा बोर्ड, त्यावर डब्ल्यूएम8960 आणि माइक, बाहेर दोन कर्णे. साउंड कार्डाला तिने हौसेने नाव दिलं ‘रुआबांधा अनाउन्समेंट बॉक्स’. इंग्रजीतच, कारण या कारभारात देवनागरीला मुळात दार बंदच आहे. नोडच्या नावात रोमन अक्षरं, अंक आणि मोजक्या खुणा, तेही 31 पर्यंत. तिने कार्डांची यादी काढली तर चौकटी कंसात एकच शब्द: बॉक्स.

“काका, माझं रुआबांधा कुठे गेलं?”

कुठे जाणार, पूर्ण नाव त्याच ओळीत शेवटी होतं. पण कार्डाची ओळख म्हणून अल्सा, म्हणजे कर्नलमधला आवाजाचा विभाग, पूर्ण नाव वापरत नाही. वेगळं काही सांगितलं नसेल तर तो नावातला शेवटचा शब्द उचलतो, त्यातली फक्त अक्षरं आणि अंक ठेवतो, आणि पंधराच्या पुढे जाऊ देत नाही. आणखी एक ‘बॉक्स’ जोडला तर तो ‘बॉक्स_1’ होतो. ज्या शब्दावर आपला जीव असतो तो आपण पुढे लिहितो. यंत्राने नेमका दुसऱ्या टोकाचा धरला. तिने मग क्रम उलटा केला, रुआबांधा शेवटी. नऊ अक्षरी रोमन नाव, आरामात बसलं. मला विचाराल तर आवाजाच्या मांडणीच्या फाइली कार्डाच्या नावावरूनच शोधल्या जातात, म्हणून हे नाव पहिल्या दिवशी ठरवावं आणि मग त्याला हात लावू नये. हौस म्हणून दर सणाला बदलायची ही वस्तू नव्हे.

जोडण्यांच्या ओळीतही तिची अशीच फजिती झाली. कुठला आवाज कुठे जातो हे तिथे जोड्या-जोड्यांनी लिहायचं असतं, आणि क्रम उलटा: जिथे पोहोचतो ते आधी, जिथून निघतो ते नंतर. ‘हेडफोन जॅक’, मग ‘एचपी_एल’. यातलं पहिलं नाव आपलं, आपण ठरवू ते. दुसरं चिपच्या ड्रायव्हरने ठेवलेलं, त्यात काडीचा फरक चालत नाही. तिने खालच्या रेघेऐवजी मोकळी जागा सोडली होती. असा उगम सापडत नाही अशी एक ओळ कर्नलने छापली आणि कार्ड उभंच केलं नाही. तारा ठीक, डाग ठीक, वीज ठीक, आणि एका रेघेपायी डबा मुका. यात कर्नलचा दोष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तर वाटतं, अंदाजाने कुठलीतरी तार जोडून देणाऱ्या यंत्रापेक्षा हे अडेलतट्टू बरं.

राहिले कर्ण्यांचे दोन अ‍ॅम्प्लिफायर. एकाच जातीच्या दोन चिपा, त्याच दोन तारांवर, पत्ते वेगळे. दोघांचे ड्रायव्हर आवाज कमी-जास्त करायची खुंटी एकाच नावाने मांडू पाहतात. पहिल्याची लागते, दुसऱ्याला ‘हे नाव आधीच आहे’ असं उत्तर मिळतं. त्यावर उपाय ‘साउंड-नेम-प्रीफिक्स’ नावाची एक ओळ. तीत जे लिहाल ते त्या चिपच्या प्रत्येक खुंटीच्या नावाआधी लागतं. बहुतेक लोक तिथे लेफ्ट आणि राइट लिहितात.

तिचा प्रश्न रास्त होता: डावं कुणाचं? बोर्ड समोर धरून पाहणाऱ्याचं, मंडपात बसून ऐकणाऱ्याचं, की गणपतीचं? गणपती आपल्याकडे तोंड करून बसलेला, त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे. तिच्या आईने सुचवलं, एकाला ‘मंडप’ म्हण, दुसऱ्याला ‘रसोई’, कारण एक कर्णा महाप्रसादाच्या पंगतीकडे लागायचा होता. सूचना सोयीची होती, मलाही क्षणभर पटली. पण मंडपाची जागा दरवर्षी तीच असेल असं नाही, आणि तोच डबा जानेवारीत हळदीकुंकवाला कुणीतरी मागून नेणार. तिथे ‘रसोई’ची खुंटी फिरवल्यावर बैठकीतला कर्णा ओरडायला लागला की शिव्या हिलाच. बोर्डाला एवढंच ठाऊक असतं की ध्वनिमुद्रणाचा डावा प्रवाह कुठल्या तारेवर उतरतो. तेच डावं. तिने लेफ्ट आणि राइट लिहिलं, डब्याच्या मागे दोन्ही सॉकेटांशेजारी मार्करने एल आणि आर काढलं, आणि कुठला कर्णा पंगतीकडे टांगायचा ते मंडळाच्या पोरांवर सोडलं.