त्यांचे कर्तव्य आणि आपले



आपल्या पलूस तालुक्यात कृष्णाकाठी नागठाणे हे गाव आहे. या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले ते नारायण श्रीपाद राजहंस यांच्यामुळे, म्हणजेच बालगंधर्वांमुळे. त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व हे नाव दिले. भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा स्त्रीभूमिका त्यांनी आपल्या गाण्याने अजरामर केल्या. त्यांच्या आयुष्यातील एका दिवसाबद्दल आज आपण थोडा विचार करू या.

१२ मार्च १९११. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. बाप अवघा बावीस वर्षांचा. प्रयोग मात्र रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले आणि गायले.

ही गोष्ट मराठी माणूस शंभर वर्षांहून अधिक काळ अभिमानाने सांगत आला आहे. पण त्यांनी केले ते बरोबर होते का? कोणी म्हणेल, खरा कर्तव्यनिष्ठ माणूस असाच असतो. दुसरा कोणी म्हणेल, पोटचे लेकरू गेले असताना गाणे कसले, आणि ते ऐकणे तरी कसले? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे असे आम्हांला वाटते. म्हणूनच प्रश्न अवघड आहे.

हा प्रश्न केवळ नटांचा नाही. घरात मयत झाली तरी गोठ्यातल्या म्हशीची धार काढावीच लागते. द्राक्षे उतरवायला आली आणि व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहिली, तर डोळे पुसून कात्री हातात घ्यावी लागते. दवाखान्यातली नर्स, एस. टी. चा चालक, यांनाही हे चुकत नाही. नाटक कंपनीतही एका माणसाच्या गाण्यावर अनेकांच्या चुली पेटत. बालगंधर्व तर प्रेक्षकांना मायबाप मानत. पुढे त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीवर मोठे कर्ज झाले, तेही त्यांनी प्रयोग करूनच फेडले. आपण लोकांचे देणे लागतो, ही भावना त्यांच्या मनात खोलवर होती.

त्याच काळात इटलीतील नेपल्स शहरात जन्मलेला एन्रिको कारुसो हा गायक जगभर गाजत होता. आपले संगीत नाटक तसा त्यांचा ऑपेरा. डिसेंबर १९२० मध्ये अमेरिकेत ब्रुकलिन येथे गाताना त्याच्या तोंडातून रक्त येऊ लागले. रुमालामागून रुमाल भिजत होते आणि तो गातच होता. शेवटी तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट १९२१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी तो वारला. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण गाणाऱ्याकडून ऐकणाऱ्यांची अपेक्षा तीच होती.

अशा वेळी आपला प्रभू कसा वागला हे पाहू या. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. पाच भाकरी आणि दोन मासे एवढेच आपल्या लक्षात राहते. पण त्या चमत्काराच्या आधी काय घडले? हेरोदाने योहानाचा वध केला होता. ज्याच्या हातून येशूने बाप्तिस्मा घेतला, तोच हा योहान. ही बातमी कळताच येशू नावेत बसून एकांतस्थळी निघाला. त्याला एकटे राहायचे होते. पण लोक किनाऱ्याकिनाऱ्याने चालत त्याच्या आधीच तिथे पोहोचले. येशू त्यांच्यावर चिडला नाही. त्याला त्यांचा कळवळा आला. त्याने आजाऱ्यांना बरे केले आणि संध्याकाळी सर्वांना जेवू घातले.

येथपर्यंत ही गोष्ट बालगंधर्वांच्या गोष्टीसारखीच आहे. दुःख पोटात घालून प्रभूनेही लोकांची सेवा केली. म्हणून त्या दिवशी गाणाऱ्या बापाला दोष द्यायला आमचे मन धजत नाही. पण शुभवर्तमान इथे थांबत नाही. जेवण झाल्यावर येशूने शिष्यांना नावेत बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो एकटाच प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. त्याने दुःख पुढे ढकलले, पण टाकून दिले नाही. त्याने त्याला त्याची वेळ दिली.

आणि लोक? ते घरी गेले. आमच्या मते आपल्यासाठी धडा येथे आहे. बालगंधर्वांचे कर्तव्य काय होते, हे आपण पुष्कळ बोललो. ऐकणाऱ्यांचे कर्तव्य काय, हे आपण क्वचितच विचारतो. ज्याने आपल्यासाठी अश्रू गिळले, त्याला नंतर रडायला सवड देणे, त्याच्या दारी जाऊन बसणे, हे त्यांचे कर्तव्य होते. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, पुण्यातील नाट्यगृहाला त्यांचे नाव मिळाले. पण उतारवयात पायांतली शक्ती गेली, पैशांची ओढाताण झाली, तेव्हा एके काळची ती गर्दी भोवती नव्हती. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. ज्यांना त्यांनी मायबाप मानले, ते सगळे खरोखरच मायबापासारखे वागले असे म्हणवत नाही.

आपल्या देवळातही असे लोक आहेत. आईला माती देऊन आलेली बहीण रविवारी गायनवृंदात उभी राहते. ताप असताना पेटी वाजवणारा भाऊ आहे, घरची काळजी बाजूला ठेवून मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाई आहेत. आपण म्हणतो, “किती छान झाले!” आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यांचीच वाट पाहतो. कधी त्या आल्या नाहीत, तर कुजबूजही करतो. देवाने दिलेले दान दुसऱ्यांसाठी वापरावे हे खरेच. पण ते दान ज्याच्यापाशी आहे तो माणूसही देवाचाच आहे, आपल्या सोयीसाठी केलेले यंत्र नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करू या. आपल्यासाठी नेहमी राबणाऱ्या एका माणसाच्या घरी जाऊ या, पण काही काम सांगायला नव्हे. “तुम्ही कसे आहात?” असे विचारू या आणि उत्तर येईपर्यंत थांबू या. या रविवारी त्याला विश्रांती हवी असेल, तर त्याचे काम आपण अंगावर घेऊ या. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी देव ऐकून घेईल.

लोकांना जेवू घालून डोंगरावर एकटा गेलेला प्रभू येशू, कामाच्या रेट्यात ज्यांचे दुःख मागे राहून गेले आहे, त्या सर्वांना सांत्वन देवो.