वाऱ्याला वाट

आषाढ लागला की कवठेमहांकाळहून मिरजेकडे येणाऱ्याला वारा समोरून झोडपतो. मिरजेच्या कारखान्यात लागलेला भाचा रोज सकाळी ई-सायकलवरून त्या वाऱ्याच्या तोंडी निघायचा, आणि मिरज जवळ आली की बॅटरी मान टाकायची. उरलेला रस्ता ती जड सायकल पायांनी रेटत तो घामाघूम होऊन मामांच्या दुकानात टेकायचा. मामा सायकल मिस्त्री.

"मामा, दुसरी बॅटरी बसवून द्या. पैसे साठवलेत."

मामा नट आवळत म्हणाले, "कारखान्यात चार्ज करून संध्याकाळी घरी जातोस, तेव्हा संपते का रे?"

"नाही. उलट उरते."

"रस्ता तोच, बॅटरी तीच. मग खोट बॅटरीत कशी?"

मामांनी फरशीवरच खडूने हिशेब मांडला. सायकल ताशी 25 किलोमीटरने चालली आणि समोरून 20 चा वारा असला, तर अंगावर 45 चा वारा येतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे बिनवाऱ्याच्या दिवसाच्या सव्वातीन पट. परतताना तोच वारा पाठीशी, मग अंगावर उरतो जेमतेम 5 चा.

"आणि हा रोध सायकलीपेक्षा तुझाच जास्त. छाती काढून बसतोस, हँडलला डबा, वर फडफडणारा रेनकोट. निम्मी बॅटरी त्यातच जाते."

"म्हणजे वाकून चालवू? लोक हसतील."

मामांना जुन्या सायकलींचा भारी नाद. हातातला पाना खाली ठेवून ते सांगू लागले.

फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर होता. रेलून बसून, पाय पुढे टाकून चालवायची सायकल त्याने घडवली. आंरी लमोआन या नामांकित शर्यतपटूला ती दाखवली. त्याला चालवायला आवडली, पण लोकांच्या हसण्याला भिऊन त्याने नाद सोडला. मग फ्रान्सिस फोर पुढे आला. हा दुसऱ्या फळीतला. सोबतचे त्याला हसले, तरी तो बसला. 1933 च्या जुलैत पॅरिसमध्ये त्याने तासाभरात 45.055 किलोमीटर कापले, आणि ऑस्कर एगचा 1914 पासून टिकलेला 44.247 चा विक्रम मागे टाकला. पायांत नवं बळ आलं नव्हतं. वाऱ्यापुढे धरलेलं अंग तेवढं कमी झालं होतं.

पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने असल्या सायकली शर्यतींतून बाद केल्या. हा निर्णय मला आजही खुपतो. एका चांगल्या कल्पनेची वाट त्याने कित्येक वर्षं अडवली. मोशे त्याच साली वारला. फोर मात्र थांबला नाही. 1939 मध्ये त्या सायकलीवर फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं आवरण, चढवून त्याने तासाला 50 किलोमीटरची हद्द ओलांडली. नेहमीच्या बैठकीत ती ओलांडायला 1984 उजाडलं.

भाचा गप्प झाला. मामांनी हँडल खाली घेतलं, कोपरं आत ठेवायला शिकवलं, डबा मागे कॅरिअरवर नेला, रेनकोटला पट्टा लावला. भाच्याला पुढे मोठी काच हवी होती.

"काचेचं नंतर. आधी पाठीमागचं बघ. तुझ्या पाठीशी हवा भोवरे करते, ते तुला मागे ओढतात. हवा नीट मिटली पाहिजे."

बोर्ड रंगवणाऱ्याकडून त्यांनी सनबोर्डचे तुकडे आणले. पाठीच्या रुंदीला सुरू होऊन मागे निमुळती होत जाणारी शेपटी कॅरिअरवर बांधली. पहिल्याच फेरीत, उघड्या माळावर ट्रक शेजारून गेला तशी सायकल हातभर सरकली. आडव्या वाऱ्यात मोठं आवरण शिडासारखं भरतं. मामांनी शेपटीची उंची निम्मी केली, आणि पुढचं चाक झाकायला साफ नकार दिला. पल्ला चार किलोमीटर कमी मिळाला तरी चालेल, पण सायकल हातात राहिली पाहिजे, हे त्यांचं पक्कं होतं.

सोमवारी चहाच्या टपरीवरची पोरं "मासा आला, मासा!" म्हणून ओरडली. भाच्याने कोपरं आणखी आत घेतली. दुकानापाशी उतरला तेव्हा बॅटरीच्या दोन कांड्या शिल्लक होत्या.

"मामा, दुसऱ्या बॅटरीचे पैसे तसेच राहिलेत."

मामांनी मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. "राहू देत. वाऱ्याचं काम झालं, आता हा नरम टायर तुझी बॅटरी खाणार. पंप आण."