संयम कोणासाठी?

स्तनाच्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अनेकदा कडेला गर्द निळे ठिपके दिसतात. त्या लिम्फोसाइट, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी. गाठीपर्यंत आलेल्या, पण आत न शिरलेल्या. काही भक्षक पेशी तर गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदतच करतात. पॅथॉलॉजिस्ट म्हणून हे पाहताना मला प्रश्न पडतो: संयम हा नेहमी सद्गुणच असतो का?

आपल्याच अवयवांवर घाव पडू नये म्हणून टी-पेशी या लिम्फोसाइटना पीडी-१ या रेणूचा लगाम असतो. कर्करोग नेमका तोच खेचतो. असे लगाम सैल करण्याची वाट दाखवणाऱ्या अ‍ॅलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८चं नोबेल मिळालं. पण लगाम सैल करणाऱ्या औषधांनी कधी आतडं, कधी थायरॉइडही होरपळतं. म्हणून मी क्षमेला किंवा शस्त्राला धर्म मानत नाही. समोर कोण आहे हे ओळखण्याचा विवेक, तोच माझ्या लेखी धर्म.