सुट्टीतली कादंबरी मुलांना निवडू द्या

शाळेत शिकवत होते तेव्हा दर एप्रिलमध्ये मी मुलांना एक यादी द्यायची. दहा पुस्तकं, आणि प्रत्येकाचा पानभर सारांश. जूनमध्ये वह्या यायच्या आणि त्यांत एकाच सारांशाच्या नकला असायच्या. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, पुस्तक आवडलं नाही असं लिहिलं तर चालेल का?" मी नाही म्हटलं. सुट्टीतल्या वाचनाचा अभ्यास करून टाकला की वाचन मरतं, हे मला फार उशिरा कळलं.

आज यादी मी देत नाही, पण आईवडील देतात. पुस्तक प्रदर्शनात पोरगं 'फास्टर फेणे' उचलतं आणि घरचं माणूस ते परत ठेवून सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक घेतं. "गोष्टी वाचून काय मिळणार?" हा प्रश्न लाडातही विचारला जातो आणि रागातही. मग हेच लोक पाहुण्यांसमोर तक्रार करतात की आमचा मुलगा वाचत नाही. त्याला हवं असलेलं पुस्तक आपणच काढून घेतलं, हे कुणी सांगत नाही.

करमणुकीला इतकं हलकं समजणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. हरि नारायण आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढलं, त्याचं नावच 'करमणूक' ठेवलं. त्याच साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिची नायिका यमू स्वतःच्या तोंडानं आपली हकिकत सांगते: सासर, नवऱ्यानं लावलेली शिक्षणाची गोडी, वैधव्य, आणि मग जबरदस्तीनं झालेलं केशवपन. विधवांच्या हालांवर व्याख्यानं तेव्हाही होत होती. पण व्याख्यानाला न जाणारा माणूसही पुढं काय झालं या ओढीनं पुढच्या अंकाची वाट पाहतो, आणि वाट पाहता पाहता यमू त्याच्या घरातली होते. करुणा अशी रुजते. तिला गोष्टीची ओढ लागते, आणि ती ओढ कुणी हुकमानं लावू शकत नाही.

"म्हणजे काहीही वाचू द्यायचं?" हा आक्षेप मी ऐकला आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड अनेक घरांत उशीखाली लपवून वाचले जायचे, आमच्याही. ते वाचून बिघडलेला माणूस मला भेटला नाही. झुंजारपासून सुरुवात करून 'बनगरवाडी'पर्यंत पोचलेले मात्र पुष्कळ भेटले. ज्याला पानं भराभर उलटायची सवय लागते, तोच पुढं एखाद्या पानावर थबकायला शिकतो.

मोठ्यांना काम नाही असं नाही. घरात 'बनगरवाडी' असावी, 'फकिरा' असावी, लंपनच्या गोष्टी असाव्यात. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा अण्णा भाऊंचा फकिरा शहरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला भेटायलाच हवा, कारण भूक आणि जात यांची ओळख त्याला दुसरीकडे इतक्या जवळून होणार नाही. पण पुस्तक हाताशी ठेवावं, आपल्याला त्यातलं काय आवडलं ते एकदा सांगावं आणि बाजूला व्हावं. तिसाव्या पानावर त्यानं ते मिटलं, तर का मिटलं हे दरडावून विचारू नये. दोन वर्षांनी तो स्वतःच ते उघडेल. नाही उघडलं तरी दुसरं काही उघडेल.

आणि मला खरं छळतं ते वेगळंच आहे. मे महिना म्हणजे पापड, कुरडया, सांडगे. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला सायकल मिळते. मुलगी बारा वर्षांची झाली की तिच्या हातात लाटणं येतं. पाहुणे आले की चहा तिनंच ठेवायचा, धाकट्याला तिनंच सांभाळायचं. कादंबरीला सलग दोन तास लागतात, कुणीही हाक न मारलेले. हे दोन तास किती घरांत मुलीला मिळतात? भावाच्या हातात पुस्तक दिसलं की घर हळू आवाजात बोलतं. तिच्या हातात दिसलं की कुणाला तरी काम आठवतं. यमूची गोष्ट छापून सव्वाशेहून अधिक वर्षं झाली आणि मुलीचं वाचन अजून रिकामपणाचा उद्योग समजला जातो, ही शरमेची बाब आहे. पापड भावानंही वाळत घालावेत. त्यानं त्याचं काहीही बिघडत नाही.

निकालाच्या दिवशी पेढे आणालच. त्याच दिवशी मुलीला गावातल्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा. वर्गणी तिच्या नावानं भरा. आणि ती कपाटापाशी पुस्तक शोधत असेल, तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसा.