निवडलेले आणि वगळलेले : पॅरिसच्या बॅले शाळेचा नवा हंगाम

बॅले या पाश्चात्त्य शास्त्रीय नृत्यप्रकाराच्या शिक्षणाची दोन अगदी वेगळी रूपे जगभर आढळतात. संध्याकाळी तासभर चालणारा हौशी वर्ग हे त्यांपैकी एक; आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवून, त्याचे शालेय व नृत्याचे शिक्षण एकाच आवारात चालवून, अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याला पगारी नर्तक म्हणून रंगमंचावर उभे करू पाहणारी व्यावसायिक शाळा हे दुसरे. या दुसऱ्या प्रकारच्या शाळेत सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू होतो तेव्हा मागच्या वर्षीच्या वर्गातले काही चेहरे दिसत नाहीत, आणि त्यांच्या जाण्यामुळेच उरलेल्यांच्या राहण्याला किंमत आलेली असते. अशा शाळेची थोरवी सहसा तिने घडवलेल्या तारकांच्या यादीवरून ठरवली जाते. परंतु तारका निर्माण करण्यासाठी ज्या पद्धतीने मुले गाळावी लागतात, तिचे समर्थन तारकांच्या नावांनी होऊ शकत नाही. ते गाळलेल्या मुलांच्या हाती शाळा काय देते, यावरूनच व्हायला हवे. ही कसोटी लावून पाहण्यासाठी पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेइतके जुने आणि बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

बॅलेचा जन्म इटलीतील व फ्रान्समधील राजदरबारांत झाला. स्वतः उत्तम नर्तक असलेल्या चौदाव्या लुईने १६६१मध्ये नृत्याची शाही अकादमी स्थापन केली आणि १७१३च्या राजाज्ञेने ऑपेरासाठी नर्तक तयार करणाऱ्या शाळेचा पाया घातला. नृत्याचे नियम प्रथम फ्रेंच भाषेत बांधले गेल्यामुळे आजही टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत बॅलेचा शिक्षक प्रत्येक हालचालीला फ्रेंच नावानेच हाक मारतो. पुढे १७३८मध्ये सेंट पीटर्सबर्गला रशियाची पहिली नृत्यशाळा उभी राहिली, तीही झाँ-बातिस्त लांदे या फ्रेंच नृत्यशिक्षकाच्या पुढाकाराने. पॅरिसची शाळा दीर्घकाळ ऑपेराच्या इमारतीतच चालत असे. क्लोद बेसी यांच्या संचालकपदाच्या काळात, १९८७मध्ये, ती शहराच्या पश्चिमेकडील नाँतेर या उपनगरात वास्तुविशारद क्रिस्तियां द पोर्त्झांपार्क यांनी रचलेल्या नव्या वास्तूत गेली. या वास्तूचे नृत्याचे दालन, शालेय वर्गांचे दालन आणि वसतिगृह असे तीन भाग आहेत, आणि विद्यार्थ्यांचा दिवसही याच भागांत वाटला जातो : सकाळी गणित, भाषा, इतिहास, दुपारी नृत्य, रात्री वसतिगृह. नृत्याच्या जोडीला मूकाभिनय, लोकनृत्य, संगीत, शरीररचना आणि नृत्याचा इतिहास हे विषयही शिकवले जातात. मार्गिकेत वडीलधारे भेटले की विद्यार्थी थांबून ‘रेव्हेराँस’ करतात, म्हणजे गुडघे किंचित वाकवून आदराने लवतात. दरबार जाऊन दोन शतके लोटली, पण दरबारी रीत शाळेच्या अंगवळणी पडलेली आहे.

नव्या हंगामाचा पहिला तास जिथे सुरू होतो ती जागा म्हणजे ‘बार’, अर्थात भिंतीलगत कमरेच्या उंचीवर बसवलेला लाकडी दांडा. एक हात त्यावर अलगद टेकवून, टाचा एकमेकींना भिडवून आणि पावले बाहेरच्या दिशेला वळवून विद्यार्थी उभा राहतो, पियानोवादक संथ लयीत सुरुवात करतो, आणि गुडघे पावलांच्या बोटांच्या रेषेत हळूहळू वाकतात. या वाकण्याला ‘प्लिए’ म्हणतात. पाहणाऱ्याला ते बसण्या-उठण्याइतके सोपे वाटते. मात्र त्यात पाठीचा कणा सरळ राहावा लागतो, वजन दोन्ही पायांवर सारखे असावे लागते आणि पाय बाहेर वळतो तो खुब्याच्या सांध्यातूनच वळावा लागतो. हे वळण घोट्यातून किंवा गुडघ्यातून ओढूनताणून आणले, तर आज दिसायला ते चांगले दिसते आणि काही वर्षांनी सांधा त्याची वसुली करतो. दहा वर्षांची नवी विद्यार्थिनी आणि चाळिशीला आलेली ख्यातनाम नर्तकी या दोघींचाही दिवस याच प्लिएने सुरू होतो. आपल्याकडे पट्टीच्या गायकालाही पहाटे खर्ज लावल्यावाचून गत्यंतर नसते, त्यातलाच हा प्रकार.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या या पहिल्या तासात शिक्षकाची नजर एका गोष्टीवर विशेष असते. वाढत्या वयात हाडे आधी लांबतात आणि स्नायू मागाहून त्यांना गाठतात. त्यामुळे दोन महिन्यांत झपाट्याने उंच झालेल्या मुलाचा तोल बिघडलेला असतो, लवचीकता कमी झालेली असते, आणि जूनमध्ये सहज जमणारी गिरकी सप्टेंबरमध्ये अडखळते. मुलींच्या बाबतीत याच सुमारास ‘पॉइंट’चा, म्हणजे पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभे राहण्याचा, टप्पा येतो. त्यासाठीच्या साटिनच्या बुटाचे टोक कापड आणि कागदाचे थर खळीने घट्ट चिकटवून कडक केलेले असते आणि त्याच्या फिती नर्तकीने स्वतःच्या हाताने शिवायच्या असतात. हा बूट कधी द्यायचा याचा निर्णय हौसेवर सोडला जात नाही, घोटा आणि पाऊल पुरेसे बळकट झाल्यावरच तो घेतला जातो. तेव्हा या शाळेतले प्रत्येक वर्ष हे एका बदलत्या शरीराशी नव्याने केलेला करार असते, आणि त्या करारातली एक बाजू, म्हणजे निसर्ग, कोणाचेच ऐकत नाही.

हा हंगाम लोकांसमोर येतो तो ‘देफिले’च्या रूपाने. पाले गार्निए या जुन्या ऑपेरागृहाच्या रंगमंचामागे नर्तकांचे सोनेरी दालन आहे. हंगामाच्या आरंभीच्या सोहळ्यात ते उघडले जाते आणि त्याच्या खोलीतून, बर्लिओझच्या एका कूच-संगीताच्या तालावर, शाळेतली चिमुरडी मुले प्रथम आणि मग पदाच्या चढत्या क्रमाने ऑपेराच्या नृत्य-कंपनीतले सारे नर्तक रंगमंचाच्या उतारावरून पुढे चालत येतात. शेवटी येतात ते ‘एत्वाल’, म्हणजे तारे, हे सर्वोच्च पद मिळवलेले नर्तक. १९२६मध्ये लेओ स्ताट्स यांनी हा सोहळा प्रथम योजला आणि १९४०च्या दशकात सर्ज लिफार यांनी त्याला सध्याचे स्वरूप दिले. यात कोणी नाचत नाही, सगळे फक्त चालतात; तरीही बॅलेच्या समाजरचनेचे इतके स्वच्छ चित्र अन्यत्र दिसत नाही. सर्वांत पुढची लहान मुलगी आणि सर्वांत शेवटचा तारा यांच्यामध्ये एक अखंड रांग आहे, असे हे दृश्य सुचवते. वास्तवात ही रांग अखंड नसते. तिच्यातून वाटेत बाहेर पडलेल्यांना रंगमंचावर जागा नाही, म्हणून ती सलग भासते.

हे बाहेर पडणे अपघाताने होत नाही, ते रचनेतच आहे. शाळेत सहा इयत्ता आहेत. मुले प्रथम परिवीक्षेवर घेतली जातात, मग दरवर्षीच्या परीक्षेत पुढे जाणारे आणि शाळा सोडणारे वेगळे होतात, आणि अखेरच्या परीक्षेतून कंपनीत जागा मिळते ती मोजक्यांनाच. प्रवेशाच्या वेळी मुलाची प्रमाणबद्धता, खुब्याचे वळण, पावलाची कमान आणि संगीताची जाण पाहिली जाते. यांतल्या निदान पहिल्या तीन गोष्टी मुलाने कमावलेल्या नसतात, त्या आई-वडिलांकडून आलेल्या असतात. ‘आदर्श शरीर’ म्हणजे नेमके कोणाचे शरीर, हा प्रश्नही येथे टाळता येत नाही. २०२०मध्ये ऑपेरातील कृष्णवर्णीय नर्तकांनी व अन्य कर्मचाऱ्यांनी तो उघडपणे मांडला, आणि त्यानंतर नेमलेल्या अभ्यासाच्या २०२१च्या अहवालाने विविधतेच्या दृष्टीने शाळेच्या प्रवेशपद्धतीकडेही बोट दाखवले.

गाळणीतून निसटलेल्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थिनी जगभरच्या संग्रहालयांत उभी आहे. चित्रकार एद्गार देगा यांनी १८८१मध्ये प्रदर्शित केलेले ‘चौदा वर्षांची छोटी नर्तकी’ हे मेणाचे शिल्प, ज्याला खऱ्या कापडाचा घागरा आणि केसांना खरी फीत होती, ते याच शाळेतल्या मारी व्हान गोएतेम या मुलीवरून घडवलेले होते. तिची आई धोबीकाम करी. शिल्पावर समीक्षकांनी तोंडसुख घेतले, आणि पुढच्याच वर्षी, गैरहजेरीच्या कारणावरून, मारीला ऑपेराने काढून टाकले. तिची धाकटी बहीण लुईझ-जोझेफीन मात्र तिथेच टिकली, नर्तकी झाली आणि पुढे शिक्षिकाही. एकाच घरातल्या, एकाच दारिद्र्यातल्या या दोन मुली. एकीला संस्थेने आयुष्य दिले, आणि दुसरीचा पुढचा मागमूस इतिहासाला जवळजवळ लागत नाही. मारीचा चेहरा त्या शिल्पाच्या ब्राँझ प्रतींमध्ये अमर झाला, पण त्याचे श्रेय शाळेकडे जात नाही.

व्यावसायिक शाळेच्या समर्थनार्थ एक भक्कम युक्तिवाद केला जातो : नर्तकाचे शरीर लवकर घडते आणि लवकरच थकते, म्हणून दहाव्या वर्षी सुरुवात केल्याखेरीज इलाज नाही, आणि सर्वांना शेवटपर्यंत ठेवले, तर ज्यांना जागा मिळणारच नाही त्यांची आठ वर्षे वाया जातील. बाराव्या वर्षी दिलेला नकार अठराव्या वर्षी दिलेल्या नकारापेक्षा दयाळू असतो, हे त्यातले तथ्य नाकारता येत नाही. परंतु हा नियम वाटतो तितका अटळ नाही. विख्यात नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह १९५५मध्ये लेनिनग्राडच्या शाळेत दाखल झाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, म्हणजे प्रचलित मापाने खूपच उशिरा आलेले. पुढे तेच नुरेयेव्ह १९८३ ते १९८९ या काळात पॅरिस ऑपेराच्या बॅलेचे संचालक झाले. अपवादाने नियम मोडत नसला, तरी बारा वर्षांच्या मुलाविषयी संस्थेने केलेले भाकीत चुकू शकते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते. चुकू शकणारे भाकीत करण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने चुकीची भरपाई करण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे.

दुसरा युक्तिवाद शिस्तीचा. कठोरपणाशिवाय कला येत नाही, हे वाक्य मराठी वाचकाला परके नाही. ‘छडी लागे छमछम’च्या संस्कारात वाढलेल्या पिढ्यांना ते पटतेही. मात्र कठोर परिश्रम आणि कठोर वागणूक यांत फरक आहे. व्हिएन्नातील ऑपेराच्या बॅले अकादमीविषयी २०१९मध्ये तक्रारी उघड झाल्यावर नेमलेल्या विशेष समितीने, मुलांच्या आरोग्याची व कल्याणाची पुरेशी काळजी तेथे घेतली गेली नव्हती, असा निष्कर्ष काढला. वसतिगृहात राहणारे, घरापासून दूर असलेले आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही या भीतीखाली वावरणारे मूल तक्रार करत नाही. त्याचे मौन हे शिस्तीचे यश समजणे ही संस्थांची जुनी चूक आहे.

पॅरिसच्या व्यवस्थेची जमेची बाजू या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. सकाळच्या गणिताचा तास तेथे दुपारच्या नृत्याइतकाच सक्तीचा आहे, त्यामुळे शाळा सोडावी लागलेले मूल इतर फ्रेंच मुलांबरोबर पुन्हा शिक्षणाच्या प्रवाहात येऊ शकते. जे कंपनीत पोचतात त्यांच्यासाठी बेचाळिसाव्या वर्षी निवृत्तिवेतनाची सोय आहे, आणि तिची परंपरा थेट चौदाव्या लुईच्या काळापर्यंत, १६९८पर्यंत, मागे जाते. २०१९च्या अखेरीस सरकारच्या निवृत्तिवेतन-सुधारणेत ही सोय धोक्यात आली तेव्हा २४ डिसेंबरला नर्तकींनी पाले गार्निएच्या पायऱ्यांवर, उघड्या थंडीत, ‘स्वान लेक’मधील काही भाग सादर करून निषेध नोंदवला. सरकारने सेवेत असलेल्या नर्तकांना वगळून केवळ २०२२पासून येणाऱ्यांना नवा नियम लावण्याची तयारी दाखवली होती; नर्तकांनी ती नाकारली. ज्यांच्यासाठी ती नाकारली, त्यांतले कित्येक तेव्हा नाँतेरच्या वर्गात दांडा धरून उभे होते. देफिलेत जी रांग फक्त दिसते, ती त्या दिवशी खऱ्या अर्थाने एक झाली.

भारतीय परंपरेशी तुलना करताना दोन्हीकडचे हिशेब नीट मांडावे लागतात. सेंट पीटर्सबर्गच्या शाळेतून १८९९मध्ये बाहेर पडलेल्या आना पाव्हलोव्हा भारतात आल्या तेव्हा त्यांनी मॅडम मेनका या नर्तकीला भारतीय नृत्याकडे वळण्याचे प्रोत्साहन दिले, आणि मेनका यांनी १९३८मध्ये खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ ही निवासी शाळा काढली. लांदे यांच्या शाळेनंतर बरोबर दोनशे वर्षांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर उभ्या राहिलेल्या या शाळेत दमयंती जोशींसारख्या कलावती घडल्या. पण तिच्या पाठीशी ना राजाज्ञा होती ना सरकारी तिजोरी, आणि ती फार काळ टिकली नाही. गुरुगृही किंवा कोल्हापूरच्या तालमीत वार्षिक परीक्षा घेऊन कोणाला घरी धाडत नाहीत, मंद शिष्यालाही कोपऱ्यात जागा असते, ही आपल्या पद्धतीची माणुसकी. मात्र चाळिशीत गुडघे गेलेल्या पैलवानाला किंवा नर्तकीला तिथे निवृत्तिवेतनही नसते. एकीकडे गाळणी आहे आणि हमीही आहे. दुसरीकडे दोन्ही नाहीत.

म्हणून प्रश्न गाळणी असावी की नसावी, हा नाही; मर्यादित जागांच्या कलेत ती राहणारच. बालपणाची वर्षे मागून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, ती नाँतेरमध्ये असो वा कोल्हापुरात, कीर्तिवंत शिष्यांच्या नामावलीशेजारी आणखी एक नोंदवही ठेवली पाहिजे : त्या वर्षी किती मुले सोडून गेली, कोणत्या कारणाने गेली, आणि पाच वर्षांनी ती काय करत आहेत. ती वही पालकांना प्रवेश-अर्जावर सही करण्याआधी वाचायला मिळावी, आणि ती दाखवायला जी शाळा कचरेल, तिच्या हाती मूल सोपवू नये.