मनगटाला विचारून

संध्याकाळी घरी आल्यावर हातातलं घड्याळ काढून जागेवर ठेवताना मनगटाकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. गेलंच, तर तिथे पट्ट्याच्या कडेचा नाहीतर चेनच्या कड्यांचा लालसर वळ दिसतो. कुणी तो जरा चोळतं, कुणी खाजवतं, आणि हातपाय धुवायला निघून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ पुन्हा त्याच भोकात अडकवलं जातं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘सवय झालीय.’ दिवसाचे दहा-बारा तास अंगावर वागवायची ही वस्तू. ती घेताना आपण तबकडीचा रंग बघतो, कंपनी बघतो, किंमत तर बघतोच. ती हाताला कशी बसते, हे मात्र दुकानात उभ्या उभ्या उरकतो आणि पुढचं सवयीवर सोडून देतो. आज या एवढ्याशा गोष्टीचाच विचार करू या.

घड्याळ मनगटावर आलं तेच मुळी हाताच्या सोयीसाठी. आधी ते साखळीला अडकवून खिशात ठेवलेलं असे, आणि मनगटावरचं घड्याळ हा बराच काळ बायकांचा दागिना समजला जाई. १९०४ साली पॅरिसमध्ये लुई कार्तिए यांनी आपले वैमानिक मित्र आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांच्यासाठी मनगटावर बांधायचं घड्याळ तयार केलं. उड्डाण करताना दोन्ही हात गुंतलेले असत, खिशातून घड्याळ काढायचं कसं, ही त्यांची अडचण होती. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांपुढे तीच अडचण उभी राहिली. तोफांचा मारा आणि पायदळाची चढाई ठरल्या मिनिटाला जुळवायची, तर वेळ डोळ्यांसमोर हवी आणि हात मोकळे हवेत. युद्धानंतर मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर कायमचं स्थिरावलं. आपल्याकडे एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली, आणि पुढे ‘जनता’सारखी चावीची घड्याळं मास्तरांच्या, कारकुनांच्या, नव्या जावयांच्या हातांत दिसू लागली. हाताची अडचण दूर करायला जन्मलेली ही वस्तू. तिनेच हाताला काचावं, टोचावं, हे आपण चालवून घेता कामा नये.

आता आपलं मनगट नीट बघा. करंगळीच्या बाजूला, हाताच्या वरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा लागतो. घड्याळाची जागा या उंचवट्याच्या मागे, म्हणजे कोपराकडच्या बाजूला, त्याच्या लगत. पुष्कळांचं घड्याळ सैल पट्ट्यामुळे उंचवटा ओलांडून पुढे येतं आणि थेट सांध्यावर बसतं. मग जमिनीला हात टेकून उठताना, खुर्चीच्या हातावर भार देताना, पंजा मागे वळला की घड्याळाची चावी हाताच्या पाठीत रुतते. रोज रुतून रुतून तिथे बारीकसा घट्टा पडलेले हात मी पाहिले आहेत. घड्याळ बोटभर मागे घेऊन तिथे राहील असं बांधलं, की ही टोचणी त्याच क्षणी थांबते.

दुसरी गोष्ट मापाची. घड्याळ मनगटाच्या रुंदीत मावलं पाहिजे. पट्टा जिथे अडकतो ती घड्याळाची दोन टोकं वरून बघताना मनगटाच्या कडेबाहेर डोकावत असतील, तर पट्टा कितीही आवळा, ते स्थिर बसणार नाही. टोकांपाशी पट्टा हाताला टेकतच नाही, त्यामुळे घड्याळ डोलत राहतं. आपण पट्ट्याला दोष देत राहतो, पण ते घड्याळच त्या हाताच्या मापाचं नसतं.

आणि घट्ट किती बांधायचं? चामड्याचा पट्टा बांधल्यावर त्याच्याखाली करंगळीचं टोक, थोडं अडखळत का होईना, सरकलं पाहिजे. स्टीलची चेन याहून किंचित सैल चालते. ती हातावर जराशी मागेपुढे सरकावी, पण हात खाली सोडून हलवल्यावर तबकडी फिरून आतल्या बाजूला जाऊ नये. मग मूठ आवळून बघावी. मूठ वळली की मनगटातल्या कंडरा ताणून वर येतात आणि मनगटाचा घेर वाढतो. मोकळ्या हाताला नेमका बसलेला पट्टा मूठ आवळल्यावर काचत असेल, तर तो घट्टच आहे. दिवसभर आपण पिशव्या उचलतो, बसचा दांडा धरतो, कणीक मळतो, गाडीची मूठ पिळतो. दुकानाच्या काउंटरवर निवांत टेकवलेला हात हा काही आपला खरा हात नव्हे.

शिवाय हात दिवसभर एका मापाचा राहत नाही. उन्हात, उकाड्यात, लांबवर चालून आल्यावर तो थोडा फुगतो. थंडीच्या पहाटे बारीक होतो. म्हणून तर पट्ट्याला एकापुढे एक भोकं असतात आणि चेनच्या लॉकच्या कडेला पिन सरकवायला बारीक छिद्रं असतात. पट्टा घेताना मधल्या भोकात नीट बसेल असा घ्यावा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. मे महिन्यातल्या दुपारी एक भोक सैल करावं, डिसेंबरातल्या सकाळी एक भोक आवळावं. वेगवेगळ्या माणसांसाठी पाडलेली ती भोकं एकाच माणसाच्या वेगवेगळ्या वेळांसाठीही आहेत. आपण मात्र एकच भोक धरतो, त्याच्याभोवतीचं चामडं चिरेपर्यंत तेच वापरतो, आणि बाकीची कोरीच राहतात.

एका घड्याळजींच्या छोट्याशा दुकानात मी बसलो होतो, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ आले. मुलाने परदेशातून पाठवलेलं घड्याळ त्यांच्या हातात होतं. चेन इतकी सैल, की ते त्यांनी ढकलत ढकलत मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत चढवलेलं. घड्याळजी म्हणाले, ‘काका, हात टेबलावर ठेवा. आता खाली सोडा. आता मूठ वळा.’ प्रत्येक वेळी त्यांनी लॉकजवळची जास्तीची चेन दोन बोटांत चिमटीने धरून अंदाज घेतला. मग डोळ्याला भिंग लावून कड्यांच्या आतल्या बाजूचे बारीक बाण बघितले आणि त्या दिशेने एकेक पिन हलक्या हाताने ठोकून बाहेर काढली. दोन कड्या एका बाजूच्या काढल्या, एक दुसऱ्या बाजूची. मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘सगळ्या एकाच बाजूच्या काढल्या तर लॉक मनगटाच्या मधोमध राहत नाही. कडेला सरकतं, मग लिहिताना टेबलावर घासतं आणि हाडालाही लागतं.’ काढलेल्या तीन कड्या त्यांनी छोट्या पिशवीत घालून काकांच्या हातात दिल्या. ‘जपून ठेवा. तब्येत सुधारली, हात भरला, की लागतील.’ काकांनी हात दोन-तीनदा हलवून बघितला आणि म्हणाले, ‘इतके दिवस मला वाटत होतं, घड्याळच जड आहे.’

काकांना वजन जाणवत होतं ते घड्याळ जागेवर राहत नव्हतं म्हणून. नीट बसलेल्या घड्याळाचा भार मनगटभर सारखा वाटला जातो आणि थोड्या वेळाने ते हातात आहे याचाही विसर पडतो. सैल घड्याळ पावलागणिक सरकतं, आपटतं, आणि दरवेळी आपलं लक्ष स्वतःकडे ओढून घेतं.

घट्ट पट्ट्याचा त्रास याहून वेगळा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीच्या अगदी जवळून एक मज्जातंतू अंगठ्याच्या पाठीकडे जातो. पट्टा सतत आवळलेला राहिला तर तो दबतो, आणि अंगठ्याच्या मागच्या भागात झिणझिण्या, बधिरपणा, जळजळ सुरू होते. मज्जाविकारतज्ज्ञ रॉबर्ट वार्टेनबर्ग यांनी १९३२ साली या त्रासाचं वर्णन केलं, आणि आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. दाब कारणीभूत असेल तर तो काढल्यावर बहुतेकदा आराम पडतो. तरीही झिणझिण्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवावं. कातडीचंही तसंच. पट्ट्याखाली घाम, साबण, धूळ साचून राहिली की पुरळ येतं. स्टीलमधल्या किंवा मुलाम्याखालच्या निकेलचं काहींना वावडं असतं, त्यांना बकलखाली नाहीतर घड्याळाच्या पाठीखाली नेमकी तेवढीच गोल खाज उठते. अशांनी पट्टा बदलावा. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने चामडं वाळत नाही, त्याला बुरशी धरते. तेवढ्या काळात रबराचा किंवा कापडी पट्टा बरा. नव्या पिढीच्या स्मार्टवॉचला तर वेगळीच शिस्त लागते. पाठीमागचा हिरवा प्रकाश कातडीवर पडून नाडीचे ठोके मोजले जातात, म्हणून व्यायाम करताना ते अंगाला टेकून राहिलं पाहिजे. व्यायाम संपला की एक खाच सैल करून मनगट पुसून कोरडं करायला मात्र पुष्कळजण विसरतात.

कोणत्या हातात घालावं, तबकडी वर ठेवावी की आत, याचे नियम कुणी कुणाला सांगू नयेत. बहुतेकांचा कामाचा हात उजवा, म्हणून घड्याळ डाव्या हातात आलं आणि उजव्या हाताने फिरवायला सोपी जावी म्हणून चावी तीनच्या अंकापाशी आली. डावखुऱ्याने खुशाल उजव्या हातात बांधावं. आपल्याकडच्या कितीतरी आई-मावश्या तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत आल्या आहेत. गाडी चालवणारे कित्येकजण तसंच करतात, कारण स्टिअरिंगवरचा हात न वळवता वेळ दिसते. त्यांना ‘उलटं घातलंय’ म्हणून टोकण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या कामाला आणि आपल्या हाताला विचारून जागा शोधलेली असते.

हे हाताला विचारणंच आपण विसरतो. लहानपणापासून आपल्यावर सहन करण्याचे संस्कार झालेले असतात. एवढ्यातेवढ्याची कुरकुर करू नये, थोडं सोसावं, चालवून घ्यावं. हा संस्कार मोठा आहे, आजारपणात, अडचणीत, दुःखात तोच आपल्याला तारून नेतो. पण जिथे एक भोक सैल केल्याने किंवा एक कडी काढल्याने काम भागतं, तिथे सोसण्यात कसला मोठेपणा? ती सहनशक्ती वाया घालवणं झालं. शरीर आधी हळू आवाजात सांगतं, वळ उमटवून, खाज आणून, मुंग्या आणून. तेव्हाच ऐकलं तर दोन मिनिटांत निभावतं. हेच पुढे चपलेच्या पट्ट्याचं, चष्म्याच्या काडीचं, ऑफिसातल्या खुर्चीच्या उंचीचं, उशीच्या जाडीचं. अशा बारीक बारीक टोचण्या मिळून दिवसभराची चिडचिड तयार होते, आणि ती निघते मात्र घरातल्या माणसांवर.

वयाबरोबर मनगटं उतरतात. वडिलांच्या साठीला हौसेने दिलेलं घड्याळ त्यांच्या पंचाहत्तरीत सैल होतं, आणि ते ‘आता घड्याळ कशाला हवं’ म्हणत ते काढून ठेवतात. त्यांना वेळ नकोशी झालेली नसते, सरकणारी चेन नकोशी झालेली असते. मुलं नवीन घड्याळ आणायला तयार असतात, पण जुन्याच्या दोन कड्या काढून आणायचं कुणाला सुचत नाही. या रविवारी आईवडिलांचं घड्याळ त्यांच्या हातात घालून बघावं, पट्ट्याखाली करंगळी सरकवून बघावी, मूठ वळायला सांगावी, आणि मग त्यांना सोबत घेऊन घड्याळजींकडे जावं. घड्याळ एकटं पाठवून हे काम होत नाही, हात सोबत लागतो.

जुळवून घेण्याची ताकद आपल्याकडे अपार नसते. ती रोज खर्च होते, कारण माणसांशी जुळवून घ्यावंच लागतं, वयाशी घ्यावं लागतं, नशिबाशीही घ्यावं लागतं. म्हणून ती वस्तूंवर उधळू नये. वस्तूंना आपल्या मापाचं करून घ्यावं, आणि सोसण्याचं, सांभाळून घेण्याचं सगळं बळ माणसांसाठी राखून ठेवावं.