नवा पत्रा, जुना गंज

अमेरिकेंत जुना मालवाहू 'पिकअप' ट्रक घरच्याच मोटारखान्यांत पुन्हां उभा करण्याचा छंद मोठा आहे. १९४७ सालीं शेव्हर्लेटनें काढलेल्या नव्या घडणीच्या ट्रकवर या छंदिष्टांची विशेष प्रीति. सहा व्होल्टांची विद्युद्योजना जाऊन बारांची येते. सहा नळकांड्यांचें एंजिन उतरवून आठांचें चढवितात. गंजका पत्रा कापून नवा जोडतात. मग जुनें तें काय उरलें? प्लुटार्कानें सांगितलेल्या थीसिअसच्या नौकेचा प्रश्न हाच. हॉब्जनें १६५५ त त्यांत आणखी पेंच घातला, कीं काढलेल्या फळ्या जुळवून दुसरी नौका बांधली तर खरी कोणती? सरकारदप्तर एका क्रमांकावर समाधान मानतें. आमचें तेवढ्यानें होत नाहीं.

तथापि बदल हा आम्ही अपराध मानीत नाहीं. ड्रम-ब्रेकच्या जागीं डिस्क-ब्रेक आल्यानें रस्त्यावरचें एखादें परकें पोर वांचणार असेल, तर तेथें मूळपणाचें सोवळें निर्दयच होय. आम्हांस खटकतें तें निराळेंच. नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज रंगवितात, दारावर कधींही नसलेल्या शेताचें नांव पुसट अक्षरांत काढतात! गवताचे भारे वाहतां वाहतां ज्यानें खरे पोंचे पाडले, त्याचे श्रम असे उसने घेतां येतात काय? स्वतःपुरती हौस असेल तर असो. विकतांना मात्र काय काय बदललें व रंगविलें, त्याची यादी मालकानें गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावी, एवढें आम्ही मागूं.